घरच्या वडीलधाऱ्यांसाठी भरवशाचा संगणक : सुटे भाग कसे निवडावेत

पांढुर्णा आणि सौंसर या भागातील पुष्कळ घरांत आज सारखेच चित्र दिसते. मुले-सुना नोकरीधंद्यानिमित्त नागपूर, पुणे, भोपाळ, इंदूर, क्वचित परदेशीही गेलेल्या आहेत आणि वडीलधारी मंडळी गावच्या घरी संत्र्याची बाग व घरदार सांभाळीत राहिली आहेत. पूर्वी ज्या कामांसाठी बँकेत, टपालात किंवा तहसील कचेरीत खेटे घालावे लागत, त्यांपैकी बरीचशी कामे आता घरी बसून संगणकावर करता येतात. खसरा-खतौनीची नक्कल पाहणे, विजेचे बिल भरणे, बँकेतील शिल्लक तपासणे, रेल्वेचे आरक्षण करणे, ही त्यांतील नित्याची कामे होत. शिवाय दूरच्या नातवंडांचे तोंड पाहून चार शब्द बोलावयास मिळतात ते वेगळेच.

म्हणून दिवाळीच्या सुटीत मुलगा येतो, आईवडिलांना संगणक घेऊन देतो आणि परत जातो. चार-सहा महिन्यांनी तो संगणक एके दिवशी सुरूच होत नाही. अशा वेळी वृद्ध माणूस यंत्राला दोष देत नाही. आपल्याच हातून काही बिघडले असे त्याला वाटते, आणि पुढे तो त्या यंत्राला हात लावीनासा होतो. मग बँकेचे काम शेजारच्या मुलाकडे जाते, त्यामागून पासवर्डही जातो, आणि आयुष्यभर स्वतःचा हिशेब स्वतः ठेवलेला माणूस दुसऱ्यावर अवलंबून राहू लागतो. यंत्राच्या बिघाडापेक्षा हे नुकसान फार मोठे आहे.

ते टाळावयाचे असेल तर संगणक घेताना "किती वेगवान?" हा प्रश्न मागे ठेवून "किती दिवस न बिघडता चालेल, आणि बिघडलाच तर गावात कोण दुरुस्त करील?" हा प्रश्न प्रथम विचारला पाहिजे. या दृष्टीने सुटे भाग कसे निवडावेत व ते जोडून संगणक कसा तयार करावा याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. तयार यंत्र की सुटे भाग?

मोबाइल, लॅपटॉप, मॉनिटरच्या पाठीमागे बसणारा लहानसा मिनी-संगणक आणि सुटे भाग जोडून केलेला टेबलावरचा संगणक असे चार मार्ग आपल्यापुढे असतात. मोबाइल सर्वांजवळ असतोच. परंतु त्याच्या लहान पडद्यावर बँकेचा लांबलचक फॉर्म भरणे साठी उलटलेल्या डोळ्यांना जड जाते. लॅपटॉपमध्ये बॅटरी असल्यामुळे लाइट गेल्याची चिंता नसते. पण त्याचा पडदा लहान, तो नेहमी खाली मान घालून पाहावा लागतो आणि त्याचा की-बोर्ड बिघडला तरी सबंध यंत्र उघडावे लागते. मिनी-संगणक वीज फार थोडी घेतो व आवाजही करीत नाही. परंतु त्याचा प्रोसेसर मदरबोर्डवरच पक्का जडलेला असतो. बोर्ड गेला म्हणजे बहुतेक सर्वच गेले.

सुट्या भागांच्या संगणकाचा मोठा गुण हा की त्याचा प्रत्येक भाग वेगळा काढता व बदलता येतो. हे भाग ठराविक मापाचे असल्यामुळे एका कंपनीचा एसएमपीएस काढून त्या जागी दुसऱ्या कंपनीचा बसविता येतो. नागपूर हे आपल्या दोन्ही गावांना जवळचे मोठे बाजाराचे शहर. पांढुर्ण्याहून ते रेल्वेने सुमारे शंभर किलोमीटर आहे. सकाळी जाऊन संध्याकाळी भाग घेऊन परत येता येते. ज्या यंत्राचा भाग एका दिवसात मिळतो आणि जो साध्या स्क्रू-ड्रायव्हरने बदलता येतो, तेच यंत्र वृद्धांच्या घरी ठेवण्यास योग्य.

शहरातील कचेऱ्यांतून निघालेले जुने संगणकही स्वस्तात मिळतात. त्यांविषयी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. विंडोज १० ची सामान्य सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाली, आणि विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय व कंपनीने मान्य केलेला प्रोसेसर लागतो. इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक प्रोसेसर या यादीत बसत नाहीत. असा जुना संगणक घ्यावयाचाच असेल तर त्यावर लिनक्स घालून वापरावा. बँकेचे काम करावयाच्या यंत्रात सुरक्षा-दुरुस्ती न मिळणारी प्रणाली ठेवू नये.

२. आधी खुंट, मग डोळा

संत्र्याची कलमे घेताना आपला शेतकरी प्रथम खुंट पाहतो. नागपुरी संत्र्याचा डोळा कितीही उत्तम असला तरी तो जंबेरीच्या निरोगी खुंटावर बांधलेला नसेल तर झाड टिकत नाही. संगणकाच्या बाबतीत हा खुंट म्हणजे वीज होय. पैसे खर्च करण्यास आरंभ येथूनच करावा.

अर्थिंग : जुन्या घरांतून पुष्कळदा तीन छिद्रांचे सॉकेट बसविलेले असते, पण त्यातील अर्थिंगची तार कोठेच गेलेली नसते. नळाच्या पाइपाला गुंडाळलेल्या तारेवरही विसंबू नये. संगणक आणण्यापूर्वी वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्यावे आणि नसल्यास नवीन करून घ्यावे. अर्थिंग नसेल तर संगणकाच्या लोखंडी कॅबिनेटला हात लावताच मुंग्या येतात. अशा यंत्राची वृद्ध माणसाला कायमची भीती बसते. स्पाइक गार्डचे कार्यही अर्थिंगवाचून नीट होत नाही. प्लगचा वरचा जाड दांडा काढून तो दोन छिद्रांत खुपसण्याची सवय कोणी करू नये.

युपीएस : आपल्याकडे विजेचा दाब २३० व्होल्ट मानलेला आहे; प्रत्यक्षात तो कमीजास्त होत राहतो आणि पावसाळ्यात लाइट क्षणभर जाऊन पुन्हा येते. हा क्षणभराचा झटका संगणकाला घातक असतो. म्हणून लाइन-इंटरॅक्टिव्ह प्रकारचा, दाब सावरणारा युपीएस घ्यावा. पुष्कळ युपीएसच्या खोक्यावर १४० ते ३०० व्होल्ट अशी कक्षा छापलेली असते. एवढ्या कक्षेत तो बॅटरी न वापरता दाब सावरून देतो.

६०० व्हीएचा युपीएस किती वेळ चालेल याचा हिशेब घरी करता येतो. त्यात बहुधा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची एक बॅटरी असते. १२ गुणिले ७ म्हणजे ८४ वॉट-तास. जलद वापरात व वीज बदलताना होणारी घट धरून त्यापैकी निम्मी, म्हणजे सुमारे ४२ वॉट-तास वीज हाती येते असे समजावे. साधा संगणक व २४ इंची मॉनिटर मिळून ६० वॉट आणि राउटर १० वॉट धरला तर एकूण ७० वॉट होतात. ४२ भागिले ७० म्हणजे तासाचे सहा दशांश, अर्थात सुमारे ३५ मिनिटे. बॅटरी जुनी झाली की हा वेळ निम्म्यावर येतो. तरीही चालू काम संपवून संगणक नीट बंद करण्यास तो पुरेसा आहे. ही बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलावीच लागते. ती बसविल्याची तारीख युपीएसवरच चिकटवून ठेवावी. लेझर प्रिंटर मात्र युपीएसला कधीही जोडू नये, कारण तो तापताना एकदम फार वीज ओढतो.

घरात मोठा इन्व्हर्टर असल्यास त्यावरील कळ "युपीएस" या बाजूस आहे की नाही ते पाहावे. दुसऱ्या बाजूस असताना वीज बदलण्यास थोडा अधिक वेळ लागतो. पंखा तेवढ्याने थांबत नाही, पण संगणक बंद पडू शकतो.

एसएमपीएस : भिंतीतील विजेचे रूपांतर करून ती सर्व भागांना पुरविणारा हा डबा. ग्राहक सर्वांत कमी लक्ष याच भागाकडे देतो आणि बिघाडाचे मूळ पुष्कळदा येथेच सापडते. कॅबिनेटबरोबर फुकट मिळणारा एसएमपीएस घेऊ नये. नामांकित कंपनीचा, ४०० ते ४५० वॉटचा, ८० प्लस हे प्रमाणचिन्ह असलेला आणि शक्य तर १०० ते २४० व्होल्टपर्यंत कोणत्याही दाबावर चालणारा घ्यावा. आपल्या यंत्राला याच्या चौथ्या हिश्श्याइतकीही वीज बहुधा लागणार नाही. अंगावर ओझे कमी असले की तो कमी तापतो व जास्त टिकतो.

३. मदरबोर्ड, प्रोसेसर आणि रॅम

मदरबोर्डवर कपॅसिटर नावाचे लहान लहान नळकांडीसारखे भाग असतात. सन २००० च्या आसपास निकृष्ट कपॅसिटरमुळे जगभर असंख्य मदरबोर्ड खराब झाले होते. ते कपॅसिटर फुगत, फुटत आणि संगणक बंद पडे. आता बहुतेक चांगल्या बोर्डांवर घन प्रकारचे कपॅसिटर असतात, ते तसे फुटत नाहीत. तरी उष्णतेचा नियम कायम आहे. आत द्रव असलेल्या जुन्या पद्धतीच्या कपॅसिटरचे तापमान दहा अंशांनी वाढले की आयुष्य जवळजवळ निम्मे होते असा ढोबळ ठोकताळा अभियंते मानतात. असे कपॅसिटर एसएमपीएसमध्ये आजही असतात. मे महिन्यात आपल्याकडे उन्हाचा पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो. म्हणून आपल्या भागात मुळात कमी तापणारे यंत्रच घ्यावे.

या कारणासाठी ग्राफिक्स कार्ड वेगळे न घेता ती सोय ज्याच्यात आहे असा प्रोसेसर घ्यावा. एक कार्ड कमी झाले म्हणजे एक पंखा कमी, उष्णता कमी आणि बिघडण्याची एक जागाही कमी झाली. खरेदी करताना नावातील शेवटच्या अक्षराकडे लक्ष द्यावे. इंटेलच्या प्रोसेसरच्या क्रमांकापुढे "एफ" असेल तर त्यात ही सोय नसते. उदाहरणार्थ, कोअर आय-३ १२१०० मध्ये ती आहे, १२१००एफ मध्ये नाही. एएमडीच्या ५६००जी सारख्या नावातील "जी" हे अक्षर मात्र ही सोय असल्याचे दर्शविते. "एफ" अक्षराचा प्रोसेसर थोडा स्वस्त म्हणून आणला, तर मॉनिटरवर काहीच दिसणार नाही. वेगाच्या दृष्टीने चार कोअरचा प्रोसेसर वृद्धांच्या कामाला भरपूर होतो.

मदरबोर्ड घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. त्याची वॉरंटी तीन वर्षांची असावी, त्या कंपनीचे दुरुस्ती केंद्र नागपुरात असावे आणि त्यावर एचडीएमआय व लॅनची जागा असावी. खेळासाठी बनविलेल्या, दिव्यांनी झगमगणाऱ्या बोर्डाचा येथे काही उपयोग नाही.

रॅम ८ जीबीपेक्षा कमी नसावी. ऐपत असल्यास १६ जीबी घ्यावी. ती बोर्डाला चालणाऱ्या प्रकारची, डीडीआर-४ की डीडीआर-५, हे दुकानातच बोर्डाच्या पुस्तिकेशी ताडून पाहावे. दोन्ही प्रकारांच्या खाचा वेगळ्या असतात व एकाच्या जागी दुसरी बसत नाही.

मदरबोर्डवर रुपयाएवढा एक चपटा सेल असतो. त्याचा क्रमांक सीआर २०३२ असून तो तीन व्होल्टचा असतो. यंत्र बंद असताना घड्याळ चालू ठेवणे हे त्याचे काम. तो संपला की संगणकाची तारीख कित्येक वर्षे मागे जाते आणि बँकेचे पान "सुरक्षित नाही" म्हणून उघडत नाही. अशा वेळी इंटरनेट बिघडले असे समजून लोक धावपळ करतात. उपाय मात्र थोडक्या पैशांचा सेल बदलणे एवढाच असतो. प्रथम पडद्याच्या कोपऱ्यातील तारीख पाहावी, हे घरातील सर्वांना सांगून ठेवावे.

४. साठवण आणि तिची प्रत

साठवणीसाठी ५०० जीबीच्या आसपासची एसएसडी घ्यावी. जुन्या हार्ड डिस्कमध्ये चकत्या फिरत असतात. लाइट अचानक गेली किंवा धक्का लागला तर त्यांना इजा होते. एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नसते आणि तिच्यामुळे संगणक सुरूही लवकर होतो. परंतु तिचा एक दोष माहीत असावा. हार्ड डिस्क बिघडण्यापूर्वी बहुधा कुरकुर करते. एसएसडी मात्र पुष्कळदा काही सूचना न देता एकाएकी बंद पडते. शिवाय महिनोन्महिने वीज न मिळाल्यास, विशेषतः उष्ण जागी, तिच्यातील माहिती हळूहळू पुसट होऊ शकते. आईवडील चार-सहा महिने मुलाकडे राहावयास गेले तर शेजाऱ्याकडून महिन्यातून एकदा संगणक तासभर सुरू करून घ्यावा.

जमिनीची कागदपत्रे, निवृत्तिवेतनाचे आदेश, घरातील लग्नकार्यांची छायाचित्रे, यांची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढून ती डिस्क कपाटात ठेवावी आणि दुसरी प्रत मुलाकडे असावी. ही डिस्क नेहमी संगणकाला जोडून ठेवू नये; वीज पडली किंवा व्हायरस शिरला तर दोन्ही एकदमच जातील.

५. डोळे, बोटे आणि कान

आतापर्यंत यंत्राच्या प्रकृतीचा विचार झाला. आता ते वापरणाऱ्याच्या प्रकृतीचा विचार करू.

मॉनिटर २४ इंची व १९२० बाय १०८० ठिपक्यांचा घ्यावा. त्याहून बारीक ठिपक्यांचा महागडा मॉनिटर घेतल्यास अक्षरे उलट लहान दिसतात. विंडोजच्या सेटिंगमध्ये अक्षरांचा आकार १२५ किंवा १५० टक्के करावा. पडद्याची काच चकचकीत नसावी, कारण मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांना प्रकाशाच्या झळाळीचा फार त्रास होतो. ज्यांना दुहेरी काचेचा चष्मा आहे त्यांना खालच्या भागातून वाचावे लागते. मॉनिटर उंच ठेवला तर त्यांना सारखी मान वर करावी लागते आणि ती दुखते. त्यांच्यासाठी तो नेहमीपेक्षा थोडा खाली, हातभर अंतरावर व जरा मागे कललेला असावा. खिडकी पडद्याच्या समोर किंवा मागे न येता बाजूला यावी.

की-बोर्ड व माउस दोन्ही वायरचे घ्यावेत. बिनवायरचे दिसावयास नीटनेटके असतात, पण त्यांचे सेल ऐन वेळी संपतात. की-बोर्ड पूर्ण आकाराचा, मोठ्या ठळक अक्षरांचा असावा. हात थरथरत असल्यास माउसच्या बाणाची गती कमी करावी आणि डबल-क्लिकसाठी अधिक वेळ मिळेल अशी योजना करावी. हे सेटिंग पाच मिनिटांचे आहे. न केल्यास मात्र "मला हे जमत नाही" असे वृद्ध माणूस कायमचे ठरवून टाकतो.

वयोमानाने ऐकू कमी येऊ लागते तेव्हा प्रथम उंच पट्टीचे आवाज जातात. म्हणूनच आजोबांना मुलाचे बोलणे कळते, पण नातीचे कळत नाही. मॉनिटरमधील बारीक स्पीकर यासाठी अपुरे पडतात. आवाजाचे गोल बटन समोरच असलेले दोन वेगळे स्पीकर किंवा साधा वायरचा हेडफोन घ्यावा. कॅमेरा झाकणीचा असावा. बोलणे संपले की झाकणी ओढून घेण्यास शिकवावे.

प्रिंटर क्वचितच लागणार असेल तर लेझर प्रिंटर बरा. शाईचा प्रिंटर महिनाभर पडून राहिला की शाई वाळते. लेझरची भुकटी वाळत नाही.

६. आपली लिपी

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. तेव्हापासून आपल्या भागातील माणूस घरी मराठी व कचेरीत हिंदी असा व्यवहार करीत आला आहे. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला तरी हा व्यवहार तसाच चालू आहे. सुदैवाने दोन्ही भाषांची लिपी देवनागरीच आहे. इनस्क्रिप्ट ही की-बोर्डची मांडणी १९९१ च्या भारतीय प्रमाणात समाविष्ट झालेली असून तिच्यात स्वर व मात्रा डाव्या हाताला, तर व्यंजने बहुतेक उजव्या हाताला येतात. ल ज्या कळीवर आहे त्याच कळीवर शिफ्ट दाबून आपला ळ मिळतो. देवनागरी अक्षरांच्या चिकटपट्ट्या की-बोर्डवर लावून द्याव्यात. निवृत्त शिक्षक किंवा कारकून यांचा हात जुन्या टाइपरायटरवर बसलेला असेल, तर त्यांना रेमिंग्टन मांडणी चालू करून द्यावी. या वयात त्यांना नव्याने शिकण्यास लावू नये.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. आपल्या राज्यात कृतिदेव या फॉन्टचा प्रघात फार आहे. त्यात टाइप केलेले पत्र दुसऱ्याच्या संगणकावर तो फॉन्ट नसल्यास निरर्थक चिन्हांसारखे दिसते. म्हणून नवीन लेखन युनिकोडमध्येच करावे.

७. जोडणी, परीक्षा आणि जागा

भाग जोडताना हात अधूनमधून कॅबिनेटच्या लोखंडाला लावावा, म्हणजे अंगातील स्थिर वीज भागांत जात नाही. जोडणी झाल्यावर मेमटेस्टसारख्या प्रोग्रॅमने रॅम रात्रभर तपासावी आणि यंत्र दोन-तीन दिवस सतत चालवून मगच आईवडिलांच्या स्वाधीन करावे. नव्या भागात दोष असेल तर तो बहुधा आरंभीच उघडकीस येतो, आणि तो मुलाच्या टेबलावर यावा हे बरे. बायोसमध्ये, लाइट परत आल्यावर संगणक आपोआप सुरू होऊ नये, अशी व्यवस्था ठेवावी; म्हणजे वीज येतजात असताना तो पुन्हा पुन्हा चालू-बंद होत नाही.

यंत्र बंद कपाटात कोंडू नये. उन्हाळ्यात कूलरच्या झोतासमोरही ठेवू नये. ओल्या हवेत धूळ चिकटून बसते व धातूचे सांधे गंजतात. मागील बाजूची रिकामी छिद्रे पत्र्याच्या पट्ट्यांनी बंद असावीत, नाही तर उंदीर, झुरळे आणि पाली आत घर करतात. दिवाळीच्या साफसफाईबरोबर वर्षातून एकदा मऊ ब्रशने आतील धूळ काढावी. त्या वेळी प्लग काढलेला असावा. मृगाच्या पावसात विजा कडकडू लागल्या म्हणजे बटन बंद करून न थांबता प्लगच ओढून काढावा. इंटरनेट तांब्याच्या तारेने येत असेल तर तीही काढावी. नुसत्या काचेच्या फायबरमधून मात्र वीज येत नाही.

८. यंत्राची वही

प्रत्येक यंत्राबरोबर एक शंभर पानी वही असावी. तीत भागांची नावे, बिलांच्या तारखा, वॉरंटीची मुदत, बॅटरी बदलल्याची तारीख, वायरमनचा व दुकानदाराचा फोन क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहावा. संगणक कसा सुरू करावा, नातवाशी कसे बोलावे, कसा बंद करावा, हे एकेका पानावर क्रमाने लिहून द्यावे. तोंडी सांगितलेले विसरले तर पुन्हा विचारण्याचा संकोच वाटतो. वहीला विचारण्यात संकोच नाही. पासवर्ड मात्र या वहीत न लिहिता वेगळ्या पाकिटात, त्यांच्याच कपाटात राहू द्यावेत.

केंद्र सरकारने १० नोव्हेंबर २०१४ रोजी जीवन प्रमाण ही सोय सुरू केली. तिच्यामुळे हयातीचा दाखला घरबसल्या देता येतो. रेल्वे व टपाल खात्यातील निवृत्तांना याचा उपयोग होतो. संगणकाला मान्यताप्राप्त ठसे-यंत्र जोडून हा दाखला देता येतो; शेतीकामाने ज्यांच्या बोटांचे ठसे झिजले आहेत त्यांच्यासाठी २०२१ पासून मोबाइलवर चेहऱ्याने ओळख पटविण्याचीही सोय झाली आहे.

फसवणुकीविषयी एवढेच सांगणे पुरे. घरच्या माणसाखेरीज कोणाच्याही सांगण्यावरून "दुरून पडदा दाखविणारा" प्रोग्रॅम संगणकावर घालू नये. पोलीस फोनवरून किंवा पडद्यावरून कोणाला अटक करीत नाहीत. पैसे गेलेच तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावे. जितक्या लवकर कळवावे तितकी रक्कम अडविली जाण्याची आशा अधिक.

९. पैसे कमी पडल्यास

सर्वांची ऐपत सारखी नसते. काटकसर करावयाची झाल्यास प्रथम प्रोसेसरचा वेग कमी करावा, नंतर एसएसडीचा आकार, त्यानंतर कॅबिनेटची शोभा. अर्थिंग, युपीएस, एसएमपीएस आणि मॉनिटर या चार ठिकाणी मात्र हात आखडू नये. पहिल्या तिघांवर यंत्राचे आयुष्य अवलंबून आहे आणि चौथ्यावर आपल्या माणसाचे डोळे.

जाता जाता आपल्या न्यासाच्या सभासदांपुढे एक सूचना ठेवावीशी वाटते. न्यासाच्या कचेरीत एक चांगला एसएमपीएस, एक युपीएस, एक की-बोर्ड, एक माउस आणि काही सीआर २०३२ सेल एवढे साहित्य नेहमी राखून ठेवावे. ज्या घरी वृद्ध माणसे एकटी राहतात तेथील संगणक बंद पडला तर आपल्यातीलच एखाद्या तरुणाने हे साहित्य घेऊन जावे, कोणता भाग बिघडला ते बदलून पाहावे आणि नवा भाग नागपुराहून येईपर्यंत न्यासाचा भाग तेथे राहू द्यावा. यास खर्च थोडा आहे. परंतु बिघाडाच्या दुसऱ्याच दिवशी यंत्र सुरू झाले, तर आजोबांना कोणाच्या हाती आपला पासवर्ड द्यावा लागणार नाही आणि आजीची नातीशी होणारी भेटही चुकणार नाही. महोत्सवाच्या वर्षी आरंभ करण्यास हे काम योग्य आहे असे वाटते.